शिरोरेषा तुटते तिथे

दिवाळी अंकाची साइट करायची असो की स्वतःच्या कवितांची, पहिला प्रश्न ठरलेला असतो: “कशात करू? विक्स, वर्डप्रेस, की वेबफ्लो?” मित्रमैत्रिणींना आणि एकदोन छोट्या नियतकालिकांना साइट उभी करून देताना हा प्रश्न मला इतक्यांदा ऐकावा लागलाय, की त्याचं एका ओळीत उत्तर देणं मी सोडून दिलंय. यूट्यूबवर उत्तरांची कमी नाही. तिथे दर असतात, टेम्प्लेटांची संख्या असते, ‘पाच मिनिटांत वेबसाइट’ असते. पण ही सॉफ्टवेअरं मजकुराबद्दल काय गृहीत धरून बसली आहेत, हे कोणी सांगत नाही. कादंबरीचं परीक्षण करताना आपण लेखकाची गृहीतकं तपासतो. इथेही तेच करून बघू.

थोडं मागे जावं लागेल. १९९० साली टिम बर्नर्स-ली यांनी नेक्स्ट संगणकावर पहिला वेब ब्राउझर लिहिला. त्यात पान वाचता येत होतं आणि तिथल्या तिथे लिहिताही येत होतं. पुढे जे ब्राउझर लोकप्रिय झाले, त्यांतून लिहिण्याची सोय गळाली. वाचायला एक खिडकी आणि लिहायला दुसरं सॉफ्टवेअर, अशी फाळणी झाली. ‘कोड न शिकता वेबसाइट बनवा’ हा सगळा धंदा त्या फटीत उभा आहे.

त्यातलं पहिलं मोठं नाव फ्रंटपेज. व्हर्मीर टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीने ते बनवलं आणि १९९६च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. कंपनीचं नाव डच चित्रकार व्हर्मीरवरून घेतलेलं. फ्रंटपेजने बनवलेल्या साइटींच्या पोटात ‘व्हीटीआय’ अक्षरांचे फोल्डर सापडत. ती त्या कंपनीच्या नावाची आद्याक्षरं. मला हा तपशील फार बोलका वाटतो. साइट तुमची, पण आतल्या भिंतींवर सही गवंड्याची. फ्रंटपेजच्या कित्येक सोयी सर्व्हरवर त्याची खास जोडणी असेल तरच चालत. २००६मध्ये मायक्रोसॉफ्टने फ्रंटपेज बंद केलं आणि त्या सोयींवर उभी असलेली पानं हळूहळू लंगडी झाली.

१९९७च्या अखेरीस आलेल्या ड्रीमवीव्हरचा स्वभाव वेगळा होता. पान आणि त्यामागचा कोड ते शेजारी शेजारी दाखवत असे, आणि तुम्ही हाताने लिहिलेल्या कोडमध्ये फारशी ढवळाढवळ करत नसे. शिकवता शिकवता काम करून घेणारं हे सॉफ्टवेअर. याउलट अडोबीचं म्यूझ. २०१२मध्ये ते छपाईच्या डिझायनरांसाठी आलं, ‘कोडकडे बघायचीही गरज नाही’ हे वचन घेऊन. २०१८मध्ये कंपनीने ते थांबवत असल्याचं जाहीर केलं, २०२०च्या मार्चमध्ये आधारही संपला. बाहेर काढलेलं एचटीएमएल उरलं, पण ते माणसाने उघडून दुरुस्त करावं अशा बेताने लिहिलेलं नव्हतं.

या तिघांत मी ड्रीमवीव्हरला वरचा क्रमांक देते, आणि त्यामागचा निकष आजही लागू आहे: सॉफ्टवेअर तुमच्यापासून काय लपवतं, आणि ते बंद पडल्यावर तुमच्या हातात काय उरतं?

आता आपल्या लिपीकडे येऊ. या साधनांतले बहुतेक देखणे साचे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असतात. शीर्षकात अक्षरांमधलं अंतर वाढवलं की इंग्रजी शब्द ऐटबाज दिसतो. तीच मात्रा मराठीला लावली की शिरोरेषा तुटते आणि ‘कविता’ हा शब्द तीन अनोळखी माणसांसारखा उभा राहतो. ओळींमधलं अंतर घट्ट ठेवलं की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारावर आदळतो. ‘सगळी कॅपिटल’ या बटणाला आपल्याकडे अर्थच नाही. तिरका ठसा मागितला आणि फॉन्टमध्ये तो नसला, तर ब्राउझर सरळ अक्षरंच ढकलून कलती करतो. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करण्याची हौस असेल, तर ‘स्त्री’चं पहिलं अक्षर कुठे संपतं हे साच्याला कोणी सांगितलेलं नसतं.

त्याहून बारीक गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ची. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदीत रुळलेल्या वळणांपेक्षा वेगळे आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९च्या निर्णयात हीच रूपं प्रमाण मानली. चांगल्या युनिकोड फॉन्टांमध्ये दोन्ही वळणं असू शकतात, पण मराठी वळण उमटायला पानाने ‘माझी भाषा मराठी’ असं आतल्या खुणेत सांगावं लागतं. साधनाच्या सेटिंगमध्ये ती खूण बदलण्याची जागाच नसेल, तर तुम्ही कितीही सुंदर लिहा, पान स्वतःची ओळख दुसऱ्याच भाषेत करून देत राहतं. पानाची भाषा ओळखून वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं याच खुणेवर विसंबतात. न दिसणाऱ्या वाचकाला तुमची कथा मराठी उच्चारात ऐकू येणार की नाही, हे त्या एका खुणेवर ठरू शकतं. दिसण्यावर सारा भर असलेल्या साधनांना हा न दिसणारा भाग नेमका नकोसा असतो.

या कसोट्यांवर आजची तीन नावं कशी उतरतात?

विक्स मोहक आहे, आणि नवख्या माणसाला पहिल्याच संध्याकाळी काहीतरी उभं केल्याचा आनंद देतं. हा आनंद खोटा नाही. पण विक्सची साइट विक्सच्याच सर्व्हरवर राहते. ती तशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. त्याच्या मूळ एडिटरमध्ये वस्तू हवी तिथे ओढून ठेवता येते, आणि मोबाइलसाठीची मांडणी वेगळी तपासावी लागते. ज्यांचे सगळे वाचक फोनवर आहेत, त्यांच्यासाठी हा क्रमच उलटा आहे. एका पानाच्या जाहिरातीला हरकत नाही. दहा वर्षांचा अंकसंग्रह मी तिथे ठेवणार नाही.

वेबफ्लो ड्रीमवीव्हरच्या घराण्यातलं. त्याच्या बटणांना सीएसएसच्या भाषेतलीच नावं आहेत: मार्जिन, पॅडिंग, ग्रिड. सुरुवातीला डोकं धरायला होतं, पण जे शिकता ते दुसरीकडेही उपयोगी पडतं. पैसे भरले तर कोड बाहेर काढता येतो. मात्र त्याच्या सीएमएसमध्ये साठवलेला मजकूर त्या कोडबरोबर येत नाही, तो तक्त्याच्या रूपात वेगळा काढावा लागतो. म्हणजे घर उचलता येतं, सामान निराळ्या टेम्पोने आणायचं.

वर्डप्रेस तिघांत सगळ्यात ओबडधोबड. २००३पासूनचं, मुक्त परवान्याचं. २०१८च्या डिसेंबरमध्ये त्यात ब्लॉक एडिटर आला तेव्हा जुन्या लोकांनी पुष्कळ कुरकुर केली. अद्ययावत करत राहा, प्लगइन सांभाळा, होस्टिंग शोधा, हा संसार मागे लागतोच. पण परिच्छेद आतमध्ये साध्या एचटीएमएलमध्ये साठतो, आणि सगळा मजकूर एका फाइलीत बाहेर काढता येतो. एक धोका सांगायला हवा: त्यावर चढवलेले काही पेज-बिल्डर हा गुण घालवतात. डब्ल्यूपीबेकरी बंद करून पाहा, परिच्छेदांच्या मधे चौकटी कंसांतले आदेश कचऱ्यासारखे पडलेले दिसतील.

तेव्हा माझा कौल असा: नियतकालिकासाठी वर्डप्रेस, त्याचे मूळचे ब्लॉक आणि साधी थीम. शिकायची ओढ असेल तर वेबफ्लो. चारपाच पानांची कवितांची साइट असेल तर हाताने लिहिलेलं एचटीएमएल, जे फोनवरच्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्येही लिहिता येतं.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतो. प्रोग्रॅमर म्हणतात, सगळ्यांनी कोडच शिकावा. मला हे सोवळं मान्य नाही. २०१६नंतर डेटा स्वस्त झाला आणि ज्यांच्या घरात कधी संगणक नव्हता अशी मुलंमुली फोनवर लिहू लागली. त्यांना दारात अडवून व्याकरणाची परीक्षा घेणारा मी कोण? ओढून-सोडून पान बनवता येणं ही मोठी लोकशाही गोष्ट आहे. दुसरा आक्षेप: “इंस्टाग्राम आहे की, साइट हवी कशाला?” याला उत्तर जिओसिटीजचं. १९९४ला सुरू झालेली, १९९९मध्ये याहूने घेतलेली ही सेवा २००९मध्ये बंद झाली, आणि लोकांनी हौसेने बांधलेली लाखो पानं एका निर्णयाने गेली. काही हौशी संग्राहकांनी धावपळ करून जेवढी वाचवली तेवढी वाचली. फुकट जागा देणाऱ्याचा मूड आपल्या हातात नसतो.

मराठीला हे नुकसान आधीच माहीत आहे. युनिकोड रुळण्याआधीचा कितीतरी मजकूर आपापल्या फॉन्टांच्या सांकेतिक भाषेत टाइप झाला. फॉन्ट नसेल तिथे तो नुसती रोमन अक्षरांची रांग दिसतो. तेव्हाही साधन निवडताना सगळ्यांनी पडद्यावर कसं दिसतं एवढंच पाहिलं होतं.

म्हणून पैसे भरण्याआधी एक साधी चाचणी घ्या. आपला एक खरा परिच्छेद चाचणी-पानावर टाका, ज्यात ‘दुसऱ्या’, ‘उत्कृष्ट’, ‘लक्ष्मी’, ‘शाळा’ असे शब्द असतील. पान स्वस्तातल्या फोनवर उघडा. शिरोरेषा सलग आहे का पाहा. पानाची भाषा मराठी ठरवता येते का शोधा. मग तो मजकूर बाहेर काढून साध्या नोटपॅडमध्ये उघडा. तिथे तुमची वाक्यं तुम्हाला वाचता आली, तर टेम्प्लेट कुठलंही घ्या.