‘आपोआप आत जातं’ हे कुणी मोजलं होतं? एक्डायसोनवरच्या एका पेपरची चिकित्सा

नेट-सेट किंवा पेटची तयारी करताना एक वाक्य तुम्ही नक्की पाठ केलेलं असतं: ‘स्टेरॉइड संप्रेरकं मेदात विरघळतात, म्हणून ती पेशीपटलातून सहज आत जातात.’ आज ज्या पेपरबद्दल बोलायचंय तो याच वाक्यावर बोट ठेवतो. ओकामोटो, यामानाका आणि सहकाऱ्यांचा हा पेपर 2018 साली ‘डेव्हलपमेंटल सेल’मध्ये आला. पेपर चांगला आहेच, पण त्याचा अर्थ कुठपर्यंत ताणायचा हेही बघायला हवं.

आधी थोडी पार्श्वभूमी. अळी कात टाकते, कोषात जाते, तिची माशी किंवा पतंग होतो, या सगळ्यामागे एक्डायसोन हे स्टेरॉइड असतं. 1954 मध्ये बुटेनांट आणि कार्लसन यांनी सुमारे 500 किलो रेशीमकिड्यांच्या कोषांमधून त्याचे जेमतेम 25 मिलिग्रॅम स्फटिक मिळवले. 1960 मध्ये क्लेव्हर आणि कार्लसन यांनी ते कायरोनोमसच्या अळीला टोचलं, तेव्हा लाळग्रंथीतल्या महागुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगवटे, म्हणजे ‘पफ’, उठले. संप्रेरक थेट जनुकांपर्यंत पोचतं याचा हा सुरुवातीचा मोठा पुरावा. 1974 मध्ये ॲशबर्नर आणि सहकाऱ्यांनी लवकर उठणारे आणि उशिरा उठणारे पफ यांची साखळी मांडली. 1991 मध्ये एक्डायसोनचा रिसेप्टर, म्हणजे ईसीआर, सापडला.

आता पूर्ण मार्ग बघा. प्रोथोरॅसिक ग्रंथीत एक्डायसोन तयार होतं आणि रक्तद्रवात येतं. बाहेरच्या ऊतींमध्ये ‘शेड’ नावाचं विकर त्याचं 20-हायड्रॉक्सीएक्डायसोन करतं. ते पेशीत शिरतं, केंद्रकात ईसीआर आणि यूएसपी या जोडीला चिकटतं आणि जनुकं चालू होतात. यातल्या जवळजवळ प्रत्येक पायरीचं जनुक शोधलं गेलं होतं. ‘पेशीत शिरतं’ या पायरीवर मात्र अधूनमधून शंका निघाल्या, तरी पाठ्यपुस्तकातलं उत्तर तसंच राहिलं.

पेपरचं म्हणणं असं की फळमाशीत या पायरीसाठी एक वाहक प्रथिन लागतं. त्यांनी त्याला ‘एक्डायसोन इंपोर्टर’, थोडक्यात ईसीआय, असं नाव दिलं. पुरावा तीन अंगांनी येतो. एक, ईसीआय निकामी केलं की माशीत दिसणारे दोष हे एक्डायसोन किंवा ईसीआर नसताना दिसणाऱ्या दोषांसारखेच असतात. दोन, ज्या पेशीत ईसीआय नाही त्याच पेशीत संदेश अडतो, म्हणजे परिणाम त्या पेशीपुरता असतो. तीन, ईसीआर असलेल्या संवर्धित पेशींमध्ये ईसीआय घातलं की संप्रेरकाला प्रतिसाद सुरू होतो. ‘गरजेचं आहे’ आणि ‘पुरेसं आहे’ हे दोन्ही प्रश्न वेगवेगळ्या प्रयोगांनी सोडवलेत. तुमच्या प्रपोजलमध्ये नेमकं हेच हवं असतं. नुसतं ‘जनुक काढलं आणि अळी मेली’ यावरून काहीच ठरत नाही, कारण अळी मरायला हजार कारणं असतात.

आता मर्यादा. पहिली गोष्ट नावाची. ईसीआय ज्या कुटुंबातलं आहे त्याचं नाव ‘सेंद्रिय ऋणायन वाहक’. एक्डायसोनवर तर ऋणभार नाही! प्रथिन कुटुंबांची नावं बहुतेकदा आधी सापडलेल्या कामावरून पडतात. डेटाबेसमधलं नाव बघून एखादं जनुक यादीतून बाद करू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हा पेपर वाचून ‘स्टेरॉइड विसरण पावतात ही समजूतच खोटी ठरली’ असं म्हणायचा मोह होतो. जरा थांबा. 20-हायड्रॉक्सीएक्डायसोनच्या एका रेणूवर सहा हायड्रॉक्सिल गट आहेत, टेस्टोस्टेरॉनवर एकच आणि एस्ट्राडायोलवर दोन. म्हणजे कीटकांचं हे स्टेरॉइड बरंच जलस्नेही आहे. त्याला वाहक लागतो म्हणून टेस्टोस्टेरॉनलाही लागत असणार, हे अनुमान या प्रयोगांतून निघत नाही. ते वेगळं तपासावं लागेल.

पण उलट बाजूही आहे. थायरॉइड संप्रेरकांबद्दलही ती पटलातून सहज जातात असंच मानलं जायचं. मग 2004 मध्ये एमसीटी8 या वाहकाच्या जनुकातले बदल आणि मुलांमधला गंभीर मेंदूविकार यांचा संबंध दिसला. म्हणजे ‘विरघळतं म्हणून जातं’ हा तर्क एकदा आधीच पडला होता. एखादा रेणू पटलातून जाऊ शकतो आणि शरीरात तो गरजेपुरत्या प्रमाणात, गरजेच्या वेळी तसा जातो, ही दोन वेगळी विधानं आहेत. पाठ्यपुस्तकं पहिल्यावरून दुसरं गृहीत धरतात.

माझं मत: या पेपरने पाठ्यपुस्तकातलं वाक्य खोडलं नाही, ते तपासायच्या यादीत आणून ठेवलं. आणि फायदा नुसता तात्त्विक नाही. आत जाणं वाहकावर अवलंबून असेल, तर कोणत्या ऊतीला किती संप्रेरक मिळेल हे ती ऊतीच ठरवू शकते. तो वाहक अडवणारं रसायन सापडलं, तर कीडनियंत्रणाचा नवा रस्ताही उघडू शकतो.

वाचताना एक सवय लावून घ्या. साखळीतल्या प्रत्येक बाणावर पेन्सिलीने लिहा: मोजलेलं की मानलेलं? तुमच्या विषयातल्या तीन तरी बाणांवर ‘मानलेलं’ असं येईल. पीएचडीचा प्रश्न बऱ्याचदा तिथेच सापडतो.