हरितद्रव्याचे अनुस्फुरण आणि वनस्पतीचे ‘आरोग्य’

उष्णता, अवर्षण वा थंडी यांचा वनस्पतीवरील परिणाम मोजावयाचा झाला की सांप्रत हरितद्रव्याच्या अनुस्फुरणाकडे धाव घेतली जाते. हरितद्रव्याने शोषलेल्या प्रकाशास वाटा तीनच : रासायनिक कार्य, उष्णता, आणि तांबड्या प्रकाशाच्या रूपाने उत्सर्जन. ही तिसरी वाट अरुंद, शेकडा एकदोन एवढीच. परंतु तिच्या चढउतारावरून पहिल्या दोहोंचा अंदाज बांधता येतो. या विचाराचे मूळ कौट्स्की व हिर्श यांच्या १९३१ मधील निरीक्षणात आहे.

अंधारात ठेवलेल्या पानाच्या कमाल व किमान अनुस्फुरणांतील फरकास कमालाने भागले असता येणारे गुणोत्तर निरोगी पानात ०.८३ च्या आसपास असते, असे प्रबंधांतून निःशंकपणे लिहिलेले आढळते. ही संख्या रूढ झाली ती ब्यर्कमन व डेमिग यांच्या १९८७ च्या निबंधामुळे. तेथे सी-३ जातींची सरासरी ०.८३२ दिलेली आहे. पण ती मोजणी ७७ केल्विन, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानास केलेली होती. शेतात पानाला चिमटा लावून घेतलेला आकडा त्याच मोजपट्टीवर ठेवणाऱ्याने निदान एवढे तरी ध्यानात घ्यावे.

आक्षेपाचे खरे स्थान मात्र निराळे आहे. हे गुणोत्तर दुसऱ्या प्रकाशप्रणालीची महत्तम कार्यक्षमता सांगते, आरोग्य नव्हे. अवर्षणात पर्णरंध्रे आधी मिटतात, कार्बन डायॉक्साइडचा प्रवेश घटतो, वाढ खुंटते. तरी गुणोत्तर पुष्कळ काळ ढळत नाही, कारण ही प्रणाली पाण्याची मध्यम तूट सहज सोसते. तहानेने व्याकूळ झालेले रोप आकड्यापुरते ठणठणीत ठरते! उलटपक्षी, कडक हिवाळ्यात उत्तरेकडील सूचिपर्णी वृक्षांचे गुणोत्तर फार उतरते. तीस इजा म्हणावे काय? झियाझँथिन राखून अतिरिक्त ऊर्जा उष्णतेच्या रूपाने टाकून देण्याची ती बहुतांशी संरक्षक योजना असते, आणि वसंतात ती मागे घेतली जाते.

जेंटी, ब्रियांते व बेकर यांनी १९८९ मध्ये उजेडातील पानासाठी दिलेले सूत्र अधिक उपयुक्त खरे. तथापि ते इलेक्ट्रॉनांचा हिशेब देते, आणि प्रकाशश्वसन चालू असता तो कार्बनाच्या हिशेबाशी जुळेलच असे नाही. म्हणून वायुविनिमयाची मोजणी जोडीस नसेल, तर केवळ गुणोत्तरांच्या कोष्टकावरून ‘जात अवर्षणसह आहे’ असा निष्कर्ष आम्हांस ग्राह्य वाटत नाही. दुपारी घेतलेल्या आकड्यासोबत पहाटेचाही आकडा द्यावा : रात्रीच्या अंधारात जी घट भरून निघाली ती बहुधा तात्पुरती, आणि जी पहाटेही टिकून राहिली तिचीच पुढे चौकशी करावयाची.