आभार न मानणारी मोना

मंडळी, आजचा चित्रपट आहे आन्येस वार्दा यांचा ‘वॅगाबॉन्ड’. साल १९८५. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंह मिळाला होता. फ्रेंचमध्ये बेबंद माणसाला ‘ना श्रद्धा, ना कायदा’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात. वार्दांनी त्यातला एकच शब्द बदलून चित्रपटाचं मूळ नाव ठेवलं: ‘ना छप्पर, ना कायदा’.

सुरुवातीलाच मोना मेलेली दिसते. दक्षिण फ्रान्समधले द्राक्षमळे, हिवाळा, आणि चरात गारठून पडलेलं प्रेत. मग तिला भेटलेली माणसं एकेक करून साक्ष देतात. मोनाचं काम करणारी साँद्रिन बोनेर तेव्हा जेमतेम अठरा वर्षांची होती.

आता ही मोना काही गोड मुलगी नाही. घेते, पण आभार मानत नाही. खोटं बोलते. अंगाला वास येतो. सेक्रेटरीची नोकरी सोडून निघालीये. कुठे, ते तिलाही ठाऊक नाही. मग आपण विचारतो, ही स्वतंत्र की नुसती आळशी? माझं म्हणणं असं, की या प्रश्नातून मोना कळत नाही, विचारणारा कळतो.

माझंच उदाहरण देतो. चित्रपटात शेळ्या पाळणारा एक माणूस आहे. तत्त्वज्ञान शिकलेला. शहर सोडून बायको-मुलासह रानात राहतो. तो मोनाला जमिनीचा तुकडा देतो, बटाटे लाव म्हणतो. ती झोपून राहते. तो चिडतो, सुनावतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शंभर टक्के त्याच्या बाजूने होतो. वर्गात त्याच सुरात बोलत आलो होतो ना! पुढे लक्षात आलं, की त्याने जमीन दिली खरी, पण मोबदल्यात मोनाने त्याच्यासारखं व्हायचं होतं. दान म्हणायचं आणि अट घालायची.

झाडांच्या रोगाची अभ्यासक असलेल्या बाईंचंही तसंच. मोनाला गाडीत घेतात, खाऊ घालतात, आणि मग रानाजवळ उतरवून देतात. पुढे विजेचा झटका बसल्यावर त्यांना तिची आठवण येते. हा प्रसंग मला जरा बेतलेला वाटतो. पण आपली दया कधी जागी होते, हे त्यात अचूक आलंय.

कॅमेराही बघा. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. तो मोनाबरोबर उलट सरकतो. पुष्कळदा ती चौकटीबाहेर जाते आणि कॅमेरा भलत्याच वस्तूवर थांबतो. म्हणजे तीही आपल्या हाती लागत नाही.

एकच साक्षीदार निवाडा देत नाही. द्राक्षमळ्यातला ट्युनिशियन मजूर, आसून. सोबतचे मजूर परतल्यावर त्याला मोनाला घालवून द्यावं लागलेलं असतं. तो कॅमेऱ्यासमोर येतो, तिचा स्कार्फ नाकाशी धरतो, आणि गप्प राहतो.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, मंडळी. ते गप्प राहणं मला अजून जमलेलं नाही. आजही नाही, बघा, एवढं बोललोच.