दीनबंधुकार कृष्णराव भालेकर : चरित्र व साधनें

वृत्तपत्रकाराचा पुढारी झाला म्हणजे त्याच्या चरित्रकाराची लेखणी एका ठराविक वळणानें जाऊं लागते. पत्र ही पहिली पायरी, सभा ही दुसरी आणि पुढारीपण हें शिखर. दीनबंधुकार कृष्णराव भालेकर (१८५० ते १९१०) यांचें चरित्र या वळणानें मांडूं गेल्यास साधनें त्यास अनुकूल होत नाहींत, असें आमचें मत आहे. तें वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम कालानुक्रम पाहूं. कृष्णराव पुण्यालगतच्या भांबुर्ड्याचे, म्हणजे आतांच्या शिवाजीनगरचे. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजीं स्थापन झाला. पुढें सव्वातीन वर्षांनीं, १ जानेवारी १८७७ रोजीं, कृष्णरावांनीं पुण्यांत ‘दीनबंधु’ साप्ताहिक काढिलें. तें साल दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचें. १८८० सालीं पत्र नारायण मेघाजी लोखंडे यांजकडे मुंबईस गेलें. १८८४ सालीं कृष्णरावांनीं ‘दीनबंधु सार्वजनिक सभा’ स्थापिली. येथपर्यंत पायऱ्या जुळतात. परंतु १८८८ सालीं त्यांची ‘बळीबा पाटील’ ही कथा गणपतराव पाटील यांच्या ‘दीनमित्र’ मासिकांत येऊं लागली. म्हणजे सभा स्थापिल्यावर चार वर्षांनीं हे गृहस्थ पुन्हां नियतकालिकाच्या पानांत, आणि तेंहि अकरा वर्षांमागील दुष्काळाकडे, वळलेले दिसतात.

मीमांसकांनीं तात्पर्यनिर्णयार्थ जीं लिंगें सांगितलीं त्यांत उपक्रम, उपसंहार व अभ्यास हीं येतात. चरित्रासहि हीच कसोटी लावावी. येथें उपक्रम दुष्काळांतील पत्राचा, अभ्यास, म्हणजे पुनःपुन्हां येणारा विषय, शेतकरी, सभा मध्यें. सभेचें नांवहि पत्राचेंच. ‘सार्वजनिक सभा’ हें अभिधान पुण्यांत १८७० पासून रूढ होतें. त्यास ‘दीनबंधु’ हें पद जोडण्यांत, सर्व जनांत दीन जन मोजले गेले नाहींत, असा आक्षेप ध्वनित होतो. तात्पर्य, सभा हें शिखर नसून पत्राचेंच एक अंग होय.

दुसरा मुद्दा प्रामाण्याचा. ‘बळीबा पाटील’ हिची गणना मराठींतील आद्य ग्रामीण कादंबरी म्हणून होते, तें युक्तच आहे. परंतु तिच्यावरून दुष्काळाच्या तारखा व आकडे सिद्ध करूं जाणें म्हणजे अर्थवादास विधि समजणें होय. १८८८ सालीं शेतकऱ्यांच्या कैवाऱ्यास काय विसरूं नयेसें वाटलें, यास मात्र ती अव्वल साक्ष आहे.

तसेंच पत्र व पक्ष हे एकरूप मानूं नयेत. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचीं पहिलीं दोन प्रकरणें ‘दीनबंधु’नें छापिलीं आणि पुढें हात आखडला. लेखक व संपादक दोघेहि सत्यशोधक. तरी असें घडलें. अशा जागा गाळून लिहिलेलें चरित्र हें स्तोत्र होतें, इतिहास होत नाहीं.

आतां संग्राहकांस दोन शब्द. कृष्णरावांचे पुत्र मुकुंदराव हे गणपतराव पाटलांच्या घरीं दत्तक गेले. त्यांनीं १९१० सालीं ‘दीनमित्र’ हेंच नांव घेऊन साप्ताहिक सुरू केलें आणि नगर जिल्ह्यांतील तरवडीसारख्या खेड्यांतून तें १९६७ पर्यंत चालविलें. हातकागदावरील पेशवाईचें पत्र आजहि उलगडतां येतें. यंत्रकागदावरील अंक मात्र घडीवर फुटतो व बोटांत भुगा होतो. तरी बखरीचें सुटें पान आपण रुमालांत बांधतों आणि वृत्तपत्र पुडीस देतों. जुना अंक हातीं आल्यास अग्रलेख कापून घेऊं नये. जाहिराती, वर्गणीची सूचना, टपालाचा शिक्का, यांसह तो सबंध सपाट ठेवावा व त्याचा क्रमांक टिपावा. पत्र कोणापर्यंत पोंचत होतें, हें अग्रलेखापेक्षां त्या शिक्क्यावरूनच अधिक कळतें. आणि पुढाऱ्याच्या चरित्राचा खरा आधार तोच.

शिरगाव (बदलापूर)