तक्त्यातली बुरशी आणि चांदवडची वेल

‘बुरशीचे प्रजनन’ हा शाळेच्या भिंतीवरचा तक्ता बहुतेकांना आठवत असेल. पावावरची बुरशी, ताठ देठ, टोकाला काळा गोल, गोलात ठिपके. आकृती चुकीची नाही. पण साऱ्या बुरश्यांचा भार तिच्या एकटीवर टाकला जातो, ही आमची तक्रार आहे. विद्यार्थी ठिपके काढतो, ‘बीजाणू’ लिहितो आणि गुण मिळवतो. बीजाणू कुठून निघतो, रुजायला त्याला काय लागते, हे प्रश्न तक्त्याला पडतच नाहीत.

चांदवडच्या द्राक्षबागायतदाराच्या मुलाला ते पडतात, कारण ‘भुरी’ आणि ‘डावणी’ हे शब्द तो घरात ऐकत असतो. दोन्हींची पाने वर्गात आणावीत. भुरीची भुकटी चिकटपट्टीने उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की पिंपासारखे बीजाणू एकावर एक रचलेले दिसतात. डावणीच्या पानाखालची पांढरी लव पाहावी, तर पर्णरंध्रांतून वर आलेली, काटकोनात फांद्या फुटलेली इवली झाडेच! फांद्यांच्या टोकांना लिंबाच्या आकाराच्या पिशव्या असतात. पाण्याचा थेंब मिळाला की त्यांतून दोन शेपट्यांचे पोहणारे चलबीजाणू बाहेर पडतात. भुरीच्या बीजाणूला असे पाणी लागत नाही. म्हणूनच ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला, की धास्ती डावणीची. गंधक भुरीला आवरते, डावणीला नाही. तिथे मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण उपयोगी पडते. मियार्दे यांनी ते १८८५ साली फ्रान्समध्ये डावणीसाठीच पुढे आणले.

शिवाय डावणी ही खरी बुरशीच नव्हे. तिच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असते, खऱ्या बुरशीसारखा कायटिनचा सांगाडा नसतो. तिचे जवळचे नाते डायटम आणि तपकिरी शैवालांशी आहे. तरी टिपणवह्यांत दोघी एकाच रकान्यात नांदतात.

दगडफुलाची मांडणी तर याहून तोकडी. ‘शैवाल आणि बुरशीचे सहजीवन’ असे सांगून बशीच्या आकाराचे बीजाणूफळ दाखवतात. त्या बशीतले बीजाणू एकट्या बुरशीचे असतात. जोडीदार शैवाल त्यांना नव्याने गाठावे लागते, हे सांगायचे राहूनच जाते. मग सहजीवन पुढे चालते कसे? गोड्या मसाल्यातले दगडफूल भिंगाखाली धरावे. त्यावर पिठासारखी भुकटी किंवा बारीक बोटांसारखे उंचवटे सापडतात. दोघांना एकत्र घेऊन जाणारे तुकडे ते हेच.

पाने बागायतदाराला विचारूनच आणावीत, ताज्या फवारणीची नकोत. काम झाल्यावर हात धुवावेत.