शोधशब्दांचा विवेक : ‘नगर’ या नावाच्या निमित्ताने

व्यवहारात ज्याला ‘कीवर्ड’ म्हणतात त्या शोधशब्दाचा विचार आजवर प्रायः व्यापारी व जाहिरातदार यांनीच केला आहे. आपले संकेतस्थळ शोधयंत्राच्या यादीत वर यावे यासाठी कोणते शब्द निवडावेत आणि ते कोठे योजावेत, याचे नियम त्यांनी सांगितले व इतरांनी ते विनातक्रार स्वीकारले. तथापि वाचकाच्या मनातील शब्द आणि लेखातील शब्द यांची गाठ घालून देणे हे मूलतः सूचीकाराचे काम होय. ग्रंथाच्या शेवटी विषयसूची जोडणारा संपादक आणि संकेतस्थळासाठी शोधशब्द निवडणारा लेखक हे एकाच व्यवसायाचे दोन पाईक आहेत. या दृष्टीने प्रचलित शोधशब्दविचाराची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू असून, उदाहरणादाखल अहिल्यानगर जिल्हा घेतला आहे. या जिल्ह्याच्या नावातच प्रश्नाच्या बहुतेक अडचणी एकवटल्या आहेत.

प्रथम शोधयंत्राच्या कार्यपद्धतीचा थोडक्यात विचार करू. शोधयंत्र पृष्ठे वाचून त्यांतील प्रत्येक शब्दासमोर तो ज्या ज्या पृष्ठांवर येतो त्यांची नोंद ठेवते. ही एक अवाढव्य शब्दसूचीच होय. पण सर्व शब्दांचे वजन सारखे नसते. कॅरन स्पार्क जोन्स या विदुषीने १९७२ साली मांडलेले तत्त्व असे की, जो शब्द थोड्या लेखांत आढळतो तो लेखालेखांतील भेद अधिक स्पष्ट करतो आणि जो सर्वत्र आढळतो तो जवळजवळ काहीच सांगत नाही. पुढे १९९८ साली गूगलच्या संस्थापकांनी, एका पृष्ठाकडे इतर पृष्ठे किती व कशा प्रकारे निर्देश करतात यावरून त्याचे महत्त्व ठरविण्याची रीत मांडली. पृष्ठाच्या उदरात वाचकास न दिसणारी शोधशब्दांची यादी लपवून ठेवण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. क्रम ठरविताना आपण ती यादी विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ मध्ये जाहीर केले. २०१२ पासून तर एकच शब्द पुनःपुन्हा कोंबणाऱ्या पृष्ठांची पत उलट घसरू लागली. तात्पर्य, आज अर्थ उरला आहे तो शीर्षकात, उपशीर्षकांत, प्रत्यक्ष मजकुरात आणि दुव्यांच्या शब्दांत उघडपणे आलेल्या शोधशब्दांना.

आता आपल्या उदाहरणाकडे वळू. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमदने वसविलेल्या शहरास व पुढे जिल्ह्यास अहमदनगर हे नाव रूढ झाले. या जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात चौंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांच्या स्मरणार्थ २०२४ साली शासनाने अहिल्यानगर हे नाव अधिकृत केले. लोकांच्या बोलण्यात मात्र या दोन्ही नावांहून ‘नगर’ हे नाव अधिक येते. ‘उद्या नगरला जायचे आहे’ असे म्हणणाऱ्यास कोणते नगर, असे कोणी विचारीत नाही. शोधयंत्राला मात्र ते विचारावे लागते. कारण नगर हे सामान्यनामही आहे, नगरपरिषदेतही आहे आणि गावोगावच्या शिवाजीनगर, गांधीनगर या वस्त्यांतही आहे. जो शब्द बोलणाऱ्यास सर्वांत जवळचा, तोच शोधास सर्वांत दुबळा, असा हा प्रकार आहे. ‘लोक जो शब्द वापरतात तो निवडा’ हा प्रचलित नियम किती अपुरा आहे, हे येथे सहज दिसून येईल.

रोमन लिपीत गुंतागुंत आणखी वाढते. १८८४ सालच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये आणि २०११ च्या जनगणनेतही या नावात ‘एम’नंतर ‘ए’ हे अक्षर आहे. इतरत्र बहुधा तेथे ‘ई’ आढळते. शिवाय गुजरातेतील हिंमतनगराचे नावही १९१२ पर्यंत अहमदनगरच होते. त्यामुळे जुन्या कागदपत्रांतील प्रत्येक अहमदनगर हे आपलेच, असे गृहीत धरणारा अभ्यासक भलत्याच प्रांतात जाऊन पोहोचेल.

या स्थितीत दोन टोकाच्या भूमिका घेतल्या जातात. पहिली भूमिका अशी की, अधिकृत नाव बदलले, यास्तव संकेतस्थळावरील सर्व मजकुरात जुन्या नावाच्या जागी यंत्राने नवे नाव घालावे. वर्तमान व्यवहारापुरते, म्हणजे पत्ता, कार्यालय, प्रवेशाची सूचना यांपुरते हे योग्यच आहे. परंतु तोच बदल ऐतिहासिक लेखनास लावल्यास ‘अहिल्यानगरची निजामशाही’ असा कालविपर्यास निर्माण होतो. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली अहमदनगर येथे सुरू झाले; पंडित नेहरू १९४२ ते १९४५ या काळात अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. या विधानांतील नाव हा त्या काळाचा पुरावा आहे. तो पुसल्याने अहिल्याबाईंच्या कीर्तीत भर पडत नाही. केवळ जुन्या ग्रंथांच्या शीर्षकांशी आपल्या पृष्ठांचा संबंध तुटतो.

दुसरी भूमिका याच्या उलट. जुन्याच नावाने अधिक लोक शोधतात, म्हणून तेच चालू ठेवावे, असे ती म्हणते. हिच्यात संख्येचा मोह आहे. आज शाळेत जाणारे मूल आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असेच शिकणार. दहा वर्षांनी ते त्याच शब्दाने शोध घेईल आणि जुन्या नावाखालील शतकांचे संचित त्याच्या दृष्टीआड राहील. आज शोध घेणारे किती आहेत, एवढेच मोजणारा सूचीकार उद्याच्या वाचकाचा विचारच करीत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते योग्य मार्ग या दोहोंमधून तडजोड काढण्याचा नसून दोन्ही नावांतील संबंध सांगण्याचा आहे. ‘अहिल्यानगर, २०२४ पर्यंत अहमदनगर’ एवढे एक वाक्य पृष्ठाच्या आरंभी आले, तर दोन्ही शोध तेथे पोहोचतात, वाचकास सत्य कळते आणि शब्द कोंबल्याचा दोषही लागत नाही. चांगल्या ग्रंथसूचीतील ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ हे निर्देश हेच कार्य करीत आले आहेत.

नावाच्या पलीकडे मराठीचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. नेवाशाचे उदाहरण घेऊ. मूळ नाव कोणी नेवासे लिहितो, कोणी नेवासा. विभक्तिप्रत्यय लागताच ‘स’चा ‘श’ होऊन नेवाशाला, नेवाशात अशी रूपे होतात. सांकळिया प्रभृतींनी १९५४ ते १९५६ मध्ये तेथे केलेल्या उत्खननाच्या इंग्रजी वृत्तान्तात हे नाव ‘व्ही’ने आहे, तर शासकीय लेखनात ते ‘डब्ल्यू’ने येते. अक्षरशः जुळणी करणाऱ्या ग्रंथालयीन संगणकसूचीत ही सारी वेगवेगळी गावे ठरतात. म्हणून लेखात मूळ रूप निदान शीर्षकात तरी प्रत्ययाविना यावे. ‘नेवाशातील उत्खनन’ याऐवजी ‘नेवासे येथील उत्खनन’ हे शीर्षक अधिक सोयीचे. शब्दाच्या वजनाचे तत्त्वही येथेच उपयोगी पडते. ‘ज्ञानेश्वरी’ या एका शब्दाने अगणित पृष्ठे समोर येतील. ‘पैस खांब’ या दोन शब्दांनी वाचक थेट नेवाशाच्या त्या खांबापाशी येतो.

लिपीची अडचण याहून सूक्ष्म आहे. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच; यंत्राने त्यांचे एकीकरण केले नाही, तर ते दोन निराळे शब्द. आणि युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तर यंत्राला रोमन अक्षरांचा निरर्थक समूह वाटतो. पृष्ठांची केवळ छायाचित्रे चढविली आणि त्यांतील अक्षरे ओळखून घेतली नाहीत, तर तेथे शब्दच नसतो. मग शोधशब्द कोठला?

यावर आक्षेप येईल की, आजची शोधयंत्रे पर्यायशब्द व अर्थही जाणू लागली आहेत. मग हा खटाटोप कशाला? आक्षेपात तथ्य आहे. पण यंत्र हे ज्ञान आधी उपलब्ध असलेल्या लेखनातूनच मिळविते. ज्या नावाविषयी विपुल लेखन आहे त्याचे पर्याय ते ओळखील. आडगावचे नाव, जुनी वतने, मोडीतील कागद यांविषयी त्याला शिकविणारा मजकूर मुळात आपणच लिहावयाचा आहे.

संशोधक विद्यार्थ्याला प्रबंधाच्या सारांशाखाली चार-पाच शोधशब्द द्यावे लागतात. बहुधा ते अखेरच्या रात्री, ‘इतिहास’, ‘समाज’, ‘संस्कृती’ असे भारदस्त शब्द घालून उरकले जातात. या शब्दांनी कोणताही प्रबंध कोणत्याही प्रबंधापासून वेगळा होत नाही. त्याऐवजी स्थळाचे जुने व नवे नाव, कालखंड, मूळ साधनाचे नाव आणि विषयाला वाहिलेली एखादी विशिष्ट संज्ञा द्यावी. आणि जो शब्द प्रबंधात नाही तो यादीत कदापि घालू नये. लोकप्रिय शब्द घालून वाचकास बोलवावे आणि त्या विषयाचे आत काहीच असू नये, ही विद्येच्या क्षेत्रात फसवणूकच होय. अपरिचित वाचक आपल्या प्रबंधापर्यंत कोणत्या शब्दाने पोहोचेल, हा प्रश्न प्रबंधाचे शीर्षक ठरवितानाच विचारला पाहिजे. मार्गदर्शकांनीही तो विद्यार्थ्यास तेव्हाच विचारावा.