थेरगाथेतील स्मशान : पाहणारे आणि तेथे वाढलेले

थेरगाथा हा खुद्दकनिकायातील आठवा ग्रंथ. त्याची रचना गाथासंख्येनुसार आहे आणि पहिल्या एककनिपातात एकेका गाथेच्या १२० रचना आहेत. एवढ्या लहान आकारात प्रस्तावनेला वाव नसतो. अनुभवाचे सार तेवढे उरते. अनित्यता आणि स्मशान यांचे नाते या लघुकाव्यात निकटचे आहे. मात्र अभ्यासक बहुधा ‘वैराग्यपर काव्य’ एवढाच शेरा मारून पुढे जातात. स्मशानाकडे कोण कोठून पाहतो, हा प्रश्न त्यात सुटून जातो.

सतिपट्ठानसुत्तात मृतदेहाच्या नऊ अवस्थांचे अवलोकन सांगितले आहे. राजदत्त आणि कुल्ल या थेरांच्या गाथा त्याच परंपरेतील होत. दोघेही स्मशानात जातात व टाकून दिलेले स्त्रीचे प्रेत पाहतात. कुल्ल थेर लगेच ते सत्य स्वतःच्या देहाला लावतात आणि एकाग्र चित्ताचा आनंद वाद्यसंगीताहून श्रेष्ठ ठरवतात. म्हणजे हे काव्य निराशेत संपत नाही. तथापि दोन्ही रचनांतील मृत स्त्री निनावी आहे. ती केवळ साधकाच्या बोधाचे साधन ठरते.

महाकाळ थेरांच्या दोन गाथांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. तेथे जिवंत स्त्री आहे आणि तिला ‘काळी’ हे नावही आहे. अट्ठकथेनुसार ती प्रेते जाळणारी असून, थेरांच्या ध्यानासाठी तीच प्रेताचे अवयव मोडून मांडून ठेवते. गाथेत मात्र तिच्या वाट्याला कावळ्याची उपमा येते. ध्यानाची सिद्धता तिच्या हातांनी झाली, गाथा थेरांच्या नावे राहिली. या गाथांचे धम्ममूल्य मान्य करूनही, समीक्षकाने ही विषमता नोंदवली पाहिजे.

आता एककनिपातातील ३२ व ३३ क्रमांकाच्या गाथा पाहाव्यात. सुप्पिय आणि सोपाक हे त्यांचे कर्ते. अट्ठकथेनुसार सुप्पिय स्मशानरक्षकाच्या कुळातील, तर सोपाक स्मशानात जन्मलेले व त्याच घरी वाढलेले अनाथ बालक. ‘सोपाक’ हा शब्द ‘श्वपाक’ या हीन मानलेल्या जातीचाही वाचक आहे. अट्ठकथा उत्तरकालीन आहे आणि तिच्यातील चमत्कार बुद्धीला पटणारे नाहीत. तरीही तिने जपलेली सामाजिक स्मृती महत्त्वाची आहे.

या दोन्ही गाथांत स्मशानाचा उल्लेखही नाही. सुप्पिय जीर्ण होणारे देऊन अजर आणि पोळणारे देऊन निब्बुती घेण्याची भाषा करतात. सोपाक एकुलत्या पुत्राविषयीचा सद्भाव सर्व प्राणिमात्रांपर्यंत नेण्यास सांगतात. ज्यांना अनित्यता रोजच्या कामातून कळली होती, त्यांना प्रेताचे वर्णन करण्याची गरज वाटली नसावी. एकाने त्यातून मुक्तीचा सौदा मांडला, दुसऱ्याने मैत्री. माझ्या मते राजदत्तांच्या पाच गाथांहून सोपाकांची ही एक गाथा काव्य म्हणूनही सरस आहे. ती भयाला स्पर्श न करता त्याच्या पलीकडे जाते.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरील वस्त्रे नेसावीत, असा दंडक आहे. भिक्खूही स्मशानातील चिंध्यांचे पंसुकूल चीवर स्वेच्छेने धारण करीत. वस्त्र एकच, परंतु एकावर ते जन्माने लादलेले, दुसऱ्याने निवडलेले. महाराष्ट्रातील महारांच्या गावकीच्या कामांत मयताचा सांगावा पोचवणे आणि सरणाची लाकडे वाहणे येई. ही बांधिलकी ज्या वतनपद्धतीतून येत होती, तिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. हा इतिहास ज्यांच्या घरचा आहे, त्यांना सोपाकांचे मौन अधिक नीट ऐकू येईल.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अनित्यतेतूनच सर्व काही शक्य होते, असे प्रतिपादन केले. सर्व संस्कार अनित्य असतील, तर जन्मावर बेतलेली समाजरचनाही अनित्यच. स्मशानगाथांचा हा अर्थ राजदत्त व कुल्ल यांच्या रचनांतून पुरता हाती येत नाही. त्यासाठी सुप्पिय आणि सोपाक यांच्या एकेका गाथेपाशी थांबावे लागते. थेरगाथेच्या अभ्यासक्रमांत या दोन गाथा शेजारी ठेवून शिकवल्या जाव्यात.